रंग गेला कुठे?



काही वर्षांपूर्वी चेंबूरच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून मी गेलो होतो. नववीतल्या दोन मुलींनी मांडलेल्या प्रयोगाभोवती सर्वांत जास्त गर्दी होती. चंचुपात्रात पाणी, त्यात चमचाभर मीठ आणि निळ्या शाईचे काही थेंब. दोन्ही टोके तासलेल्या दोन शिसपेन्सिली त्या पाण्यात उभ्या केलेल्या, वरच्या टोकांना तारा आणि तारांना नऊ व्होल्टची बॅटरी जोडलेली. शिशांभोवती बुडबुडे येऊ लागले, पोहण्याच्या तलावावर येतो तसा उग्र वास आला आणि थोड्या वेळात निळे पाणी नितळ झाले. मागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'कारखान्याच्या रंगीत सांडपाण्याचे शुद्धीकरण.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

निघताना मी सहज विचारले, "बाळांनो, रंग गेला कुठे?" एक म्हणाली, "नाहीसा झाला, सर." दुसरी जरा थांबून म्हणाली, "हवेत गेला असेल." मी हसलो, पाठ थोपटली आणि पूर्ण गुण दिले. त्या प्रयोगाला पहिले बक्षीस मिळाले.

घरी परत येताना मात्र तो प्रश्न माझ्याच मागे लागला. रंग खरोखर गेला कुठे? आणि ते मी त्या मुलींना नीट सांगितले का नाही? त्या दिवशी मी जे करायला हवे होते, ते आज या लेखात करणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की पाण्याचा रंग जाणे आणि पाणी शुद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक शाळेत कळला नाही, तर पुढे कारखान्यातही कळत नाही.

नदीला आलेला रंग

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. २०१७ च्या ऑगस्ट महिन्यात खाडीपलीकडच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत फिकट निळ्या रंगाचे कुत्रे फिरताना लोकांनी पाहिले. त्यांची छायाचित्रे जगभर छापून आली. कारखान्याचा रंग कासाडी नदीच्या परिसरात पोचला होता आणि अन्न शोधत फिरणाऱ्या मुक्या जनावरांच्या अंगाला तो लागला होता. प्रदूषण नियंत्रण मंडळाला एक कारखाना बंद करावा लागला. २०२० च्या फेब्रुवारीत डोंबिवलीच्या औद्योगिक भागातील एक रस्ता गुलाबी झाला होता, हेही तुमच्यापैकी काहींना आठवत असेल.

या रंगांचा इतिहास फार जुना नाही. १८५६ साली विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी लंडनमध्ये क्विनीन तयार करण्याच्या खटपटीत होता. क्विनीन काही मिळाले नाही, पण हाती एक जांभळा पदार्थ आला. तोच पहिला यशस्वी कृत्रिम रंग. आपल्याकडे चेंबूरपासून हाकेच्या अंतरावर, माटुंग्याला, १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. तेथे कृष्णस्वामी वेंकटरामन यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाने रंगांच्या रसायनशास्त्राचा पाया घातला. रंग कसा करावा हे या शहराने उत्तम शिकवले. तोच रंग पाण्यातून परत कसा काढावा, हे शिकण्याची पाळी आता तुमच्या पिढीवर आली आहे.

चांगला रंग कोणता? धुतला तरी न जाणारा, उन्हात न विटणारा, घामाने न उतरणारा. आईने साडी घेताना 'रंग पक्का आहे ना?' असे विचारलेले तुम्ही ऐकले असेल. रसायनशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे खपून हा पक्केपणा रेणूत आणला. पण साडीतला गुण तो नदीतला दोष ठरतो! सुती कापड रंगवताना घातलेला सगळा रंग कापडाला लागत नाही; कधी त्याचा दहावा हिस्सा तर कधी तिसरा हिस्सा पाण्यात उरतो. सांडपाण्याच्या टाकीतले जंतू एरवी सेंद्रिय पदार्थ खाऊन फस्त करतात, पण असला पक्का रेणू त्यांना सहजी पचत नाही. अशा पाण्यात सूर्यप्रकाश खोलवर शिरत नाही, म्हणून पाणवनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण मंदावते. शिवाय 'ॲझो' जातीच्या काही रंगांचे तुकडे झाले, की त्यांतून कर्करोगाला कारणीभूत होणारी अमाइने तयार होतात.

विजेच्या दोन करामती

आता त्या मुलींच्या चंचुपात्राकडे परत येऊ. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. वीजप्रवाह सोडला, की धनाग्रापाशी क्लोराइड आयन इलेक्ट्रॉन गमावतात आणि क्लोरीन तयार होतो. तो पाण्यात विरघळून हायपोक्लोराइट बनते. कपडे पांढरे करण्याच्या द्रवात असते तेच हे रसायन. म्हणजे त्या पात्रात विजेने रंग काढला नाही. विजेने विरंजक तयार केला आणि विरंजकाने रंग घालवला.

पण घालवला म्हणजे काय केले? रंगाच्या मोठ्या रेणूत अणूंची एक विशिष्ट जोडणी असते. प्रकाशातील ठरावीक तरंगलांबीचे किरण ती शोषून घेते, म्हणून पदार्थ आपल्याला रंगीत दिसतो. ही जोडणी एका ठिकाणी तुटली, तरी रंग दिसेनासा होतो. उरलेला रेणू मात्र पाण्यातच असतो. माळेचा एक मणी फोडला, तर माळ तुटते. बाकीचे मणी जमिनीवर पडलेलेच असतात. इतकेच नव्हे, तर कधी कधी त्या तुकड्यांना क्लोरीन चिकटतो आणि मूळ रंगापेक्षाही त्रासदायक पदार्थ तयार होतात.

विजेची दुसरी करामत निराळी आहे. पेन्सिलीऐवजी लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वापरल्या, तर धनाग्राची पट्टी स्वतःच झिजून पाण्यात उतरते. फॅरडेच्या नियमाने हिशेब केला, तर १ अँपिअर प्रवाह १ तास चालू ठेवल्यास सुमारे १ ग्रॅम लोखंड विरघळते. त्याचे हायड्रॉक्साइड बनते, त्याचे कापसासारखे पुंजके होतात आणि या पुंजक्यांना रंगाचे कण चिकटतात. आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो, त्याच जातीची ही क्रिया. पाणी स्वच्छ होते, यात शंका नाही. पण रंग? तो तळाच्या गाळात बसलेला असतो. तो मोडला नाही. त्याने फक्त जागा बदलली. हा गाळ कोणी रात्री नाल्याकाठी ओतला, तर पहिल्या पावसात रंग पुन्हा नदीत.

प्रकाशाची करामत

१९७२ साली जपानमधील अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या शास्त्रज्ञांनी एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युत् अग्रावर प्रकाश पाडला, तर पाण्याचे विघटन होते, असे त्यांना आढळले. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते ती साधी पांढरी भुकटी. हा पदार्थ अर्धसंवाहक आहे. साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे, म्हणजे जंबुपार किरण त्यावर पडले, की त्यातील इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी मारतो आणि त्याच्या जागी एक रिकामी जागा राहते. ही रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावते आणि हायड्रॉक्सिल मूलक तयार होते.

हे मूलक फार आक्रमक असते. क्षणार्धात ते समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडते. क्लोरीनपेक्षा आणि ओझोनपेक्षाही त्याची ऑक्सिडीकरणाची ताकद जास्त. पुरेसा वेळ मिळाला, तर ते रंगाच्या रेणूचे तुकडे, त्या तुकड्यांचे तुकडे असे करत शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधे क्षार एवढेच शिल्लक ठेवते. 'रंग गेला कुठे?' या प्रश्नाचे खरे समाधानकारक उत्तर इथे मिळते. बोरॉन मिसळलेल्या कृत्रिम हिऱ्याचा लेप दिलेल्या धनाग्रावर विजेनेही हेच मूलक तयार करता येते.

मग अडचण कुठे आहे? 'पुरेसा वेळ मिळाला तर' या शब्दांत. सूर्याच्या उर्जेत जंबुपार किरणांचा वाटा शंभरात चार-पाच एवढाच असतो. चेंबूरचे जुलै महिन्यातले आभाळ आठवा. तेव्हा तोही वाटा घटतो. शिवाय गडद रंगाचे पाणी स्वतःच प्रकाश अडवते. जिथे रंग सर्वांत जास्त, तिथेच प्रकाश सर्वांत कमी पोचतो! आणि हे मूलक आंधळे असते. पाण्यातील मीठ, सोडा, खळ, साबण यांच्याशीही ते झुंजत बसते आणि रंगापर्यंत पोचण्याआधीच संपून जाते.

विजेचे बिल

विजेचाही एक हिशेब करून पाहू. दहावीचे विद्यार्थी तो स्वतः पडताळू शकतील. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ पूर्णपणे जाळायला जेवढा ऑक्सिजन लागेल, तेवढी त्या पाण्याची 'ऑक्सिजनची रासायनिक मागणी' असे म्हणतात. समजा, १,००० लिटर पाण्याची ही मागणी १ किलोग्रॅम आहे. ८ ग्रॅम ऑक्सिजनइतके काम विजेने करायचे, तर १ फॅरडे म्हणजे सुमारे ९६,५०० कूलोम विद्युत्भार लागतो. म्हणून १ किलोग्रॅमला १२५ फॅरडे, म्हणजेच जवळजवळ ३,३५० अँपिअर-तास. विद्युत् दाब ५ व्होल्ट धरला, तर सुमारे १७ युनिट वीज झाली. १०,००० लिटरच्या टँकरला १७० युनिट. प्रत्यक्षात निम्मी वीज नको त्या क्रियांत वाया जाते. म्हणजे सुमारे ३४० युनिट! तुमच्या घरच्या वीजबिलावर महिन्याच्या युनिटांचा आकडा असतो. तो या आकड्याशेजारी ठेवून पाहा. छोट्या रंगारी कारखान्याला हे परवडेल का, तुम्हीच सांगा.

आणि परवडत नाही, म्हणूनच फसवणुकीला वाव मिळतो. थोडी वीज, थोडा विरंजक, रंग गेला, तपासणी संपली. गंमत अशी, की सांडपाण्याच्या आपल्या सर्वसाधारण मानकांत ऑक्सिजनच्या रासायनिक मागणीला लिटरमागे २५० मिलिग्रॅम अशी नेमकी मर्यादा आहे. रंगाबाबत मात्र तो 'शक्य तितका' काढावा, एवढेच म्हटले आहे. कापड उद्योगासाठी २०१६ साली रंगालाही आकडा मिळाला. चांगले झाले. पण नुसत्या रंगाच्या आकड्यावर समाधान मानू नये, असे मला वाटते. डोळ्यांना दिसणारी घाण काढणे सोपे असते. न दिसणारीच मोजावी लागते.

निळी बाटली आणि नीळ

तुमच्या शिक्षकांना 'निळ्या बाटलीचा' प्रयोग करून दाखवायला सांगा. त्यात कॉस्टिक सोडा असतो, म्हणून तो तुम्ही स्वतः करू नका. ग्लुकोज आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात मेथिलीन ब्लूचे काही थेंब टाकतात. बाटली स्थिर ठेवली, की ग्लुकोजमुळे रंगाचे क्षपण होते आणि निळा रंग पार नाहीसा होतो. आता बूच घट्ट लावून बाटली जोराने हलवा. हवेतील ऑक्सिजन मिसळतो आणि निळा रंग परत हजर! रंगाचा एकही रेणू कुठे गेला नव्हता. त्याने फक्त अंगरखा बदलला होता.

नीळ रंगवणाऱ्या कारागिरांना हे शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. निळीच्या पिंपातील द्रव निळा नसतो, पिवळट-हिरवट असतो. त्यात बुडवलेले कापड बाहेर काढून हवेत धरले, की पाहता पाहता निळे होते. रंग दिसत नाही म्हणजे रंग नाही, असे कोणताही रंगारी म्हणणार नाही. मग आपण परीक्षकांनी, शिक्षकांनी आणि संशोधकांनी ते का म्हणावे?

संशोधकांनाही मी यातून वगळत नाही. शुद्ध पाण्यात एकच रंग विरघळवायचा, त्यावर दिवा लावायचा आणि 'शंभरातले नव्व्याण्णव टक्के रंग गेला' असे जाहीर करायचे, या छापाचे शोधनिबंध आज मोठ्या संख्येने निघतात. त्यांतून पुष्कळ ज्ञान मिळाले, हे मान्य. पण कारखान्याच्या नळातून येणारे गरम, खारट, खळ आणि साबण मिसळलेले एक बादलीभर पाणी प्रयोगशाळेत आणल्याशिवाय त्या पद्धतीला उपयुक्त म्हणू नये.

मग करायचे काय?

वीज आणि प्रकाश यांच्या पद्धती टाकाऊ आहेत, असे माझे म्हणणे नाही. त्यांना योग्य जागी बसवावे, एवढेच म्हणणे आहे. जंतूंना जे पचते, ते जंतूंनाच खाऊ द्यावे; ते काम ते फार स्वस्तात करतात. जे पचत नाही, त्या पक्क्या रेणूचे पहिले दोन-चार तुकडे विजेने किंवा प्रकाशाने करावेत आणि पुढचे जेवण पुन्हा जंतूंना वाढावे. अडकित्त्याने सुपारी फोडून द्यावी, चावण्याचे काम दातांनी करावे, तसे. दक्षिण कोरियातील देगू शहरात रंगकामाच्या वसाहतीचे दररोज १ कोटी लिटर पाणी याच विचाराने हाताळणारा प्रकल्प २००५ साली उभा राहिला. तेथे इलेक्ट्रॉनांच्या झोताने पाण्यातच हायड्रॉक्सिल मूलके तयार करत आणि नंतर ते पाणी जंतूंकडे सोपवत.

हिशेब अर्धवट सोडला तर काय होते, तेही पाहा. तमिळनाडूतील तिरुपूरचे रंगाचे कारखाने नोय्यल नदी नासवत होते. २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाने ते बंद करायला लावले. नंतर पाण्याचा थेंबही बाहेर न सोडणारी यंत्रणा उभी राहिली. नदीच्या दृष्टीने हे मोठेच पाऊल होते. पण पाणी परत मिळवल्यावर मिश्र क्षारांचे ढीग मागे उरले. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: 'गेले कुठे?'

आपल्या चेंबूर-ट्रॉम्बे भागात या कामाला लागणारे ज्ञान आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी प्रारणांच्या साहाय्याने सुती धाग्यात बदल करून त्याला सांडपाण्यातील रंग पकडून ठेवायला लावले आहे. शहराच्या मैलापाण्यावर प्रक्रिया करून ते कारखान्यात वापरण्याचे काम इथल्याच खतकारखान्याने केले आहे. उणीव आहे ती हे ज्ञान गल्लीतल्या लहान रंगाऱ्यापर्यंत पोचण्याची. त्याला एकट्याने यंत्र घेणे शक्य नाही. दहा-वीस जणांनी मिळून एक सामाईक केंद्र चालवावे आणि त्याच्या तपासणीचे आकडे फाटकावरच्या फलकावर रोज लिहावेत. त्या फलकावर रंगाच्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे हवेत. एक ऑक्सिजनच्या मागणीचा आणि दुसरा त्या दिवशी निघालेल्या गाळाच्या वजनाचा.

तुमच्यासाठी काम

आता तुमच्याविषयी. पुढच्या प्रदर्शनात हा प्रयोग जरूर मांडा, पण पुढे न्या. खिडक्या उघड्या ठेवा, शिक्षक जवळ असू द्या, पात्रावर वाकून वास घेऊ नका आणि त्या पाण्यात आम्ल मुळीच मिसळू नका. रंग गेलेले पाणी दोन दिवस उन्हात उघडे ठेवा, म्हणजे उरलेला क्लोरीन बराचसा निघून जाईल. मग चार बशा घ्या. पहिलीत साधे पाणी, दुसरीत तेवढेच मीठ घातलेले पाणी, तिसरीत मीठ आणि शाई घातलेले पाणी आणि चौथीत तुमचे 'शुद्ध' पाणी. प्रत्येकीत ओल्या कापसावर वीस-वीस मूग पेरा. किती मुगांना मोड आले ते मोजा, मोडांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा आणि तक्ता करा. दुसरी बशी कशासाठी, ते ओळखा बरे! मीठही मुगाला मानवत नाही. त्याचा दोष रंगावर किंवा क्लोरीनवर येऊ नये, म्हणून. लोखंडी खिळे वापरले असतील, तर गाळ गाळणकागदावर घेऊन वाळवा आणि त्याचे वजन करा. चौथ्या बशीतले मूग चांगले उगवले, तरी पाणी पिण्यालायक झाले असे समजू नका. मूग सगळ्याच गोष्टी सांगत नाहीत. पण नुसत्या डोळ्यांपेक्षा पुष्कळ जास्त सांगतात.

शिक्षकांनाही एक विनंती. परीक्षक म्हणून बसाल, तेव्हा नितळ पाणी पाहून गुण देऊ नका. तक्ता पाहून द्या. 'आमचे पाणी नितळ झाले, पण मूग उगवले नाहीत' असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलाला पहिले बक्षीस द्या.

त्या दोन मुली आता मोठ्या झाल्या असतील. कदाचित एखादी रसायनशास्त्र शिकत असेल. तिच्या हाती हा अंक पडला, तर तिला एवढेच सांगायचे आहे: तुझ्या प्रयोगात चूक नव्हती, तो अपुरा होता. चूक माझी होती. प्रश्न विचारून उत्तर न ऐकताच मी गुण देऊन मोकळा झालो.